सुधारणेचा अधिकार

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे आणि चालती वस्तू सुधारणे या दोन क्रिया वरवर पाहता सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. दोहोंना तीच हत्यारे लागतात, तेच हात लागतात आणि पुष्कळदा त्या एकाच बैठकीत उरकल्या जातात. तथापि नीतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास त्यांच्यात महदंतर आहे. दुरुस्ती करणारा मूळ कर्त्याचा हेतू प्रमाण मानून चालतो. वस्तू जशी होती तशी तिला पुन्हा करून देणे एवढीच त्याची प्रतिज्ञा असते. सुधारणा करणारा मात्र त्या हेतूवरच निवाडा देत असतो. ‘कर्त्याने येथे हात आखडता घेतला, तो मी मोकळा करतो,’ असे त्याचे म्हणणे असते. हा निवाडा देण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो आणि त्याची मर्यादा कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुधारणा हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र काढले, त्याच्याही आधीपासून या शब्दाभोवती आपल्याकडे वादांचे मोहोळ उठलेले आहे. परंतु समाजाच्या सुधारणेची चर्चा निघाली की आपली मने लवकर तापतात आणि प्रत्येकाचा पक्ष विचारापूर्वीच ठरलेला असतो. म्हणून आम्ही मुद्दाम असे उदाहरण निवडले आहे की ज्यात वाचकांपैकी कोणाचाही पक्ष असण्याचा संभव नाही. ते उदाहरण बिडाच्या एका तुकड्याचे आहे.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान इत्यादी देशांत अशी हौशी माणसे आहेत की जी घराशेजारच्या गॅरेजमध्ये ‘रोटरी’ जातीचे एंजिन स्वतःच्या हाताने खोलतात, त्याचे झिजलेले भाग बदलतात आणि ते पुन्हा जोडण्यापूर्वी त्याची श्वास घेण्याची व सोडण्याची द्वारे घासून मोठी करतात. या द्वारांना ते ‘पोर्ट’ म्हणतात व ती मोठी करण्याच्या क्रियेला ‘पोर्टिंग’. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी असे एंजिन उघडलेले पाहिले असेल. यास्तव त्याची रचना प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

आपल्या परिचयाच्या मोटारीत दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो आणि झडपा उघडमीट करून हवा आत घेतात व धूर बाहेर सोडतात. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाने (१९०२–१९८८) ज्या एंजिनाची कल्पना मांडली त्यात दट्ट्याही नाही आणि झडपाही नाहीत. मधे किंचित चिमटलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराचे एक पोकळ घर असते आणि त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, फिरत असतो. त्रिकोणाची तिन्ही टोके घराच्या भिंतीला सदैव टेकलेली असतात. त्रिकोण एकदा फिरला की मधला दांडा तीनदा फिरतो आणि त्या एका फेरीत प्रत्येक बाजू हवा घेणे, दाबणे, पेटवणे व सोडणे ही चारही कामे पार पाडते. दोन रोटरांच्या एंजिनात मुख्य हलणारे भाग एवढे तीनच: दोन रोटर आणि एक दांडा. सारे एंजिन आपल्या जेवणाच्या पाच पुडांच्या डब्यासारखे एकावर एक रचलेले असते. एक बिडाचे पान, एक घर, पुन्हा पान, पुन्हा घर, शेवटी पान. आणि हे सारे लांब बोल्टांनी आवळून धरलेले. अंगी चिकाटी असलेला गृहस्थ ते घरी उघडू शकतो याचे कारण हा साधेपणाच होय.

या साधेपणाचे मोल मात्र एका ठिकाणी चुकते करावे लागते. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी, प्रत्येक कोपऱ्यावर एक बुटका गोल खुंट आणि प्रत्येक बाजूच्या कडेला एक वाकडी पट्टी बसवलेली असते. त्यांना ‘सील’ म्हणतात. खालच्या चिमुकल्या स्प्रिंगांनी ही सीले भिंतीशी दाबून धरलेली असतात आणि वायू कोंडून ठेवण्याचा सारा भार त्यांच्यावर असतो. ती झिजली की एंजिनाचा दम जातो, गरम असता ते पुन्हा सुरू होत नाही, आणि मग ते खोलण्याची वेळ येते.

आता द्वारांकडे वळू. माझदा कारखान्याच्या नेहमीच्या रोटरी एंजिनात हवा आत घेण्याची द्वारे बाजूच्या बिडाच्या पानांत असतात. साध्या ‘१३-बी’ एंजिनात प्रत्येक रोटराला अशी दोन, म्हणजे एकूण चार. रोटर फिरता फिरता स्वतःच्या अंगानेच ती उघडतो आणि झाकतो. येथे झडप नाही, म्हणून द्वार केव्हा उघडावे व केव्हा मिटावे हे ठरवणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे त्या भोकाची कड. कड थोडी वर सरकवली की द्वार उशिरा मिटते. एंजिन वेगात असता आत धावणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, त्यामुळे उशिरा मिटणाऱ्या द्वारातून ती अधिक भरते आणि शक्ती वाढते. एंजिन मंद चालत असता मात्र तो जोर नसतो, आणि घेतलेली हवा काही अंशी परत ढकलली जाते. बिडावरची एक रेघ इकडची तिकडे झाली की यंत्राचा स्वभावच बदलतो, तो असा.

काम कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. पान स्वच्छ धुऊन त्यावर निळा रंग लावतात. पातळ पत्र्याचा कापलेला साचा त्यावर ठेवून अणकुचीदार सुईने नव्या कडेची रेघ ओढतात. मग हातात धरण्याच्या विजेच्या ग्राइंडरने रेघेपर्यंतचे बीड खरवडून काढतात आणि शेवटी कडेची धार मोडून ती गुळगुळीत करतात, म्हणजे वरून सरकणारे सील तिच्यात अडकू नये. या रेघेच्या चोहो बाजूंना धोके दबा धरून असतात. एका अंगाला कोपऱ्याच्या खुंटाचा मार्ग आहे. तेथील आधार गेला तर तो खुंट द्वारात पडतो आणि क्षणार्धात टोकाची पट्टी, रोटर व घराची गुळगुळीत भिंत यांचा नाश होतो. आतल्या अंगाला तेल अडवणाऱ्या कड्यांचा मार्ग आहे. आणि बिडाच्या मागे थंड पाण्याचा पाट आहे. हात एक क्षण अधिक दाबला गेला तर भिंत फुटून पाणी श्वासात मिसळते. काही धाडसी लोक द्वारापलीकडे भुवईसारखी आणखी एक खाच पाडतात आणि दोहोंच्या मधे एक अरुंद पूल राखतात. खुंटाने चालावे कोठून, तर त्या पुलावरून. अशा एंजिनात आत येण्याचे व बाहेर जाण्याचे द्वार काही काळ एकदमच उघडे राहते. त्यामुळे उभ्या गाडीत ते अडखळत, ठेचकाळत धडधडते, इंधन पुष्कळ पिते आणि शेजाऱ्यांची झोप उडवते. परंतु रिकाम्या रस्त्यावर त्याला मोकळे सोडले की ते वाऱ्यासारखे धावते, हेही तितकेच खरे आहे.

सुधारकाच्या मनात हा विचार प्रथम कसा शिरतो, तेही लक्षात घेतले पाहिजे. शक्तीची गरज त्याला नेहमीच भासलेली असते असे नाही. एंजिन खोलले गेलेले असते ते सील झिजले म्हणून. पाने बाकावर मांडलेली, हत्यारे हाताशी, आणि मग मन हळूच म्हणते, ‘एवीतेवी उघडलेच आहे, तर...’ या ‘एवीतेवी’चा प्रताप फार मोठा आहे. घराची गळती काढण्यासाठी कौले उतरवली आणि मजला चढवून बसले, अशी उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात. येथे गरजेची जागा संधीने घेतलेली असते. संधी ही कृती सोपी करते, योग्य करीत नाही, हे उघड आहे. पण हाताशी आलेली संधी वाया जात आहे या जाणिवेने माणूस जितका अस्वस्थ होतो, तितका तो एखाद्या खऱ्या गरजेनेही होत नसेल.

तरीही सुधारकाचा पक्ष दुबळा आहे असे कोणी समजू नये. तो म्हणेल की कारखान्याने ही कड ठरवली ती कोणासाठी? माझ्यासाठी नव्हे. ती ठरवली एका अज्ञात ग्राहकासाठी. तो ग्राहक थंडीत एंजिन तापू न देता गाडी पिटाळील, तेल बदलण्याचे विसरेल, शहराच्या गर्दीत तासन् तास रखडेल. या साऱ्यांना पुरून उरावी म्हणून कर्त्याने मधला मार्ग काढला. मी तो अज्ञात ग्राहक नाही. मी कोठे हाकतो, किती वेगाने हाकतो, तेल केव्हा बदलतो हे मला ठाऊक आहे. कर्त्याला जे ज्ञान नव्हते ते मला आहे. तेव्हा त्या ज्ञानाच्या बळावर त्याची रेघ पुढे नेण्याचा अधिकारही मला आहे.

हा युक्तिवाद बलवान आहे, आणि सरकारी चाकरीतल्या आम्हा लोकांना तो फार ओळखीचा वाटेल. राजधानीत बसून केलेला नियम साऱ्या जिल्ह्यांसाठी असतो. जिल्ह्यातल्या माणसाला आपला एकच जिल्हा ठाऊक असतो, पण तो नियमकर्त्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. सामान्य नियम विशेष प्रसंगी तोकडा पडतो, आणि तेथे तारतम्य वापरण्याची मोकळीक नसेल तर राज्यकारभार चालणारच नाही.

शिवाय मूळ कर्त्याचा हेतू ही तरी अभंग वस्तू कोठे आहे? या एंजिनाचा इतिहासच पाहावा. जर्मनीत नेकारसुल्म येथील एन. एस. यू. कारखान्यात १ फेब्रुवारी १९५७ रोजी वांकेल यांचे पहिले यंत्र चालले. त्यात आतला रोटर व बाहेरचे घर दोन्ही फिरत असत. ते विलक्षण वेगाने फिरे, पण ठिणगीचा प्लग बदलायचा तर सारे यंत्र खोलावे लागे. त्याच कारखान्यातील हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने बाहेरचे घर स्थिर केले, आणि आज आपण जे रोटरी एंजिन म्हणून ओळखतो ते १९५८ मध्ये जन्मास आले. वांकेल यांना ते रुचले नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलेत, अशा आशयाची त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या रेघेला आपण ‘मूळ’ म्हणून मान द्यावयाचा, तीच मुळी मूळ पुरुषाच्या मनाविरुद्ध झालेल्या सुधारणेतून निघालेली आहे.

पुढेही तेच. एन. एस. यू. ने १९६७ साली आपली ‘आर. ओ. ८०’ गाडी बाजारात आणली, तीत हवा घेण्याचे द्वार घराच्या वक्र भिंतीतच होते. त्याच वर्षी हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे पुढच्या माझदा, कारखान्याने ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस काढली, तीत मंद गतीला एंजिन शांत चालावे म्हणून ते द्वार बाजूच्या पानात नेलेले होते. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंत्यांनी तेथे वर्षानुवर्षे झगडून घराच्या भिंतीवर पडणारे ओरखडे घालवले. ‘सैतानाची नखे’ असे त्या ओरखड्यांना ते म्हणत. जर्मन गाडीची सीले लवकर दगा देऊ लागली. मोफत बदलून द्यावयाच्या एंजिनांचा भार त्या लहान कारखान्याला जड गेला आणि १९६९ मध्ये तो फोक्सवागनच्या छत्राखाली जाऊन दुसऱ्या कारखान्यात विलीन झाला. १९९१ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरी गाडीने जिंकली, तेव्हा मात्र तिची द्वारे पुन्हा वक्र भिंतीत होती. आणि २००३ मधील ‘आर. एक्स. ८’ गाडीत त्याच कारखान्याने धूर सोडण्याचे द्वारही बाजूला नेऊन दोन द्वारे एकदम उघडी राहण्याचा प्रकार अजिबात बंद केला. तात्पर्य, द्वार कोठे असावे याचे एकच योग्य उत्तर कर्त्यांपाशीही नव्हते. शर्यतीला एक उत्तर, रस्त्याला दुसरे, धुराच्या कायद्याला तिसरे. कर्त्याची रेघ म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. एका विशिष्ट जीवनक्रमासाठी केलेली ती निवड होय. जीवनक्रम बदलला तर निवड बदलण्यास तत्त्वतः हरकत नाही.

मग प्रश्न उरतो तो अधिकाराचा नसून अटींचा. या ठिकाणी आम्हाला गीतेच्या अठराव्या अध्यायाचे स्मरण होते. तेथे तामस कर्माचे लक्षण सांगताना, कर्माचे पुढील परिणाम, त्यात होणारा क्षय, इतरांना पोचणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते ते तामस, असे म्हटले आहे. मोह म्हणजे आमचा हा ‘एवीतेवी’च. युद्धभूमीवर सांगितलेल्या या चार कसोट्या गॅरेजमधल्या बाकावरही तितक्याच लागू पडतात, हे त्यांच्या सत्यतेचेच गमक होय.

पहिली कसोटी परिणामाची. एंजिनातले काही बदल मागे घेता येतात. इंधनाचे माप बदलले, ठिणगीची वेळ मागेपुढे केली, तर दुसऱ्या दिवशी पूर्ववत करता येते. घासलेले बीड मात्र परत येत नाही. ते लुकणाने भरता येईल, पण ती मलमपट्टी झाली. ओतीव पानाचा मूळ अखंडपणा गेला तो गेलाच. ज्या बदलातून परतीची वाट आहे तो प्रयोग होय. ज्यातून ती नाही तो निर्णय होय. प्रयोगाला उत्साह पुरतो. निर्णय हा मात्र आजच्या माणसाने उद्याच्या साऱ्या माणसांच्या वतीने घेतलेला असतो, आणि उद्याच्या त्या माणसांत तो स्वतःही आहे. तिशीतल्या तरुणाला जी धडधड संगीतासारखी वाटते, तीच पन्नाशीत पाठदुखी जडल्यावर वाटेल काय, हे त्याने आज ठरवायचे आहे.

दुसरी कसोटी क्षयाची. शक्ती फुकट मिळत नाही. वरच्या वेगाला जे मिळते ते खालच्या वेगातून घेतलेले असते. धुराचे द्वार लवकर उघडले तर पेटलेल्या वायूने करावयाचे काम अर्धवट राहून उष्णता व आवाज बाहेर पडतो. दुसरा एक क्षय याहून सूक्ष्म आहे. ‘आर. एक्स. ७’ ही गाडी १९७८ मध्ये निघाली आणि २००२ मध्ये बंद झाली. त्या काळात ओतलेली पाने जगात मोजकी आहेत, आणि दरवर्षी ती कमीच होत आहेत. हात घसरून फुटलेले प्रत्येक पान त्या साठ्यातून कायमचे वजा होते. वस्तू विपुल असताना जे शिकाऊपण क्षम्य असते, ती दुर्मिळ झाल्यावर ते तितके क्षम्य राहात नाही. पान तेच, हात तोच. पण काळाने नैतिक भार वाढवलेला असतो.

तिसरी कसोटी दुसऱ्यांना होणाऱ्या इजेची. ‘वस्तू माझी आहे, तिचे मी वाटेल ते करीन’ हे म्हणणे गॅरेजच्या दारापर्यंत खरे आहे. दाराबाहेर रस्ता सर्वांचा आहे, हवा सर्वांची आहे, रात्रीची शांतता तर शेजाऱ्याच्या आजारी आईची आहे. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर मोटारींच्या धुरावर कडक बंधने आली, ती काही कोणाच्या हौसेचा द्वेष म्हणून नव्हे. म्हणूनच शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर जो बदल निर्दोष ठरतो, तोच वस्तीतल्या रस्त्यावर सदोष ठरू शकतो.

या कसोटीत एक मनुष्य मात्र हमखास विसरला जातो, आणि तो म्हणजे पुढचा मालक. त्याला बाहेरून काहीच दिसत नाही. एंजिन आवळून बंद केले की नवी कड आतल्या अंधारात जाते. तो कारखान्याची पुस्तिका उघडून तीप्रमाणे चालू लागतो आणि एंजिन पुस्तिकेप्रमाणे वागत नाही. त्याचा दोष शोधण्यात दिवस जातात, पैसा जातो आणि कदाचित अखेर एंजिनही जाते. पहिल्या मालकाने खोटे असे काहीच सांगितलेले नसते. त्याने फक्त काही सांगितलेले नसते. आमच्या मते, परत न फिरवता येणारी सुधारणा करून ती न सांगणे हा अपहाराचाच एक प्रकार आहे. कारण वस्तूबरोबर तिच्याविषयीचे ज्ञानही विकत घेतले जाते, आणि ते ज्ञान येथे काढून घेतलेले असते.

चौथी कसोटी स्वतःच्या सामर्थ्याची. तिचे उत्तर बोलण्यात सापडत नाही, हातात सापडते. साचा कापला आहे काय? पाण्याचा पाट कोठून जातो ते एखादे मोडके पान कापून पाहिले आहे काय? रेघेच्या अलीकडे थांबून पुन्हा मोजण्याइतका धीर आहे काय? जाणते कारागीर रेघेपर्यंत घासत नाहीत, ते रेघ शिल्लक ठेवून थांबतात आणि शेवटचे केसभर अंतर कानशीने आणि पॉलिशच्या कागदाने हळूहळू तोडतात. या थांबण्यात केवळ कौशल्य नाही. आपले ज्ञान अपुरे असू शकेल ही जाणीव तेथे हातात उतरलेली असते, आणि विनय या गुणाचे याहून प्रत्यक्ष रूप आम्हाला तरी ठाऊक नाही.

या चार कसोट्यांना उतरणारा मनुष्य आपले एंजिन खुशाल घासो. आम्ही तर म्हणू की त्याने ते घासावे. कर्त्याने दिलेले जसेच्या तसे जपणे हाच सद्गुण मानला तर जगात फक्त पदार्थसंग्रहालये उरतील, आणि पाश्के यांनी वांकेल यांच्या यंत्राला हात लावला नसता तर रोटरी एंजिन हे प्रयोगशाळेतले एक नवल होऊन राहिले असते. वस्तू समजून घेण्याचा जो गाढ मार्ग आहे तो तिच्यात स्वतःच्या हाताने बदल करण्यातूनच जातो. निळ्या रंगावर रेघ ओढण्यापूर्वी ज्याने प्रत्येक सीलाचा मार्ग मनात चालवून पाहिला, त्याला कर्त्याचा हेतू हा केवळ पुस्तिका वाचणाऱ्यापेक्षा अधिक उमगलेला असतो. असा मनुष्य कर्त्याचा अवमान करीत नाही. तो त्याच्याशी संवाद करीत असतो.

परंतु या घरगुती सुधारकाला एक नैतिक बळ लाभलेले आहे, जे आपल्यासारख्यांना सहसा लाभत नाही, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्याने घासलेल्या एंजिनामागे तो स्वतः बसतो. खुंट पडला तर त्याच्याच गाडीत पडतो. अडखळण्याचा त्रास प्रत्येक चौकात त्यालाच होतो. इंधनाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. कर्म आणि फल यांच्यामध्ये तेथे कोणी तिसरा नाही. आपली गोष्ट वेगळी आहे. आपण तीन वर्षांसाठी एका परक्या गावी जातो, चार्ज घेतो, कारभार रेंगाळलेला पाहतो आणि त्याची द्वारे रुंद करतो. समजा, दोन नोंदवह्यांची एक केली, तपासणीची एक पायरी गाळली, वर्षानुवर्षे बसत आलेल्या एखाद्या कारकुनाचे टेबल हलवले. कामाचा वेग वाढतो, तो आकड्यांत दिसतो आणि वरिष्ठांपर्यंत पोचतो. जी पायरी गाळली तिच्यावरून कोणते सील चालत होते, ते मात्र एखाद्या टंचाईच्या वर्षी किंवा पुराच्या रात्री कळावयाचे असते. आणि तोवर आपली बदली झालेली असते. धडधडणारे एंजिन दुसऱ्याच्या हाती असते. त्या गावचे लोक आपली भाषा बोलणारे नसतात, तेव्हा त्यांचे गाऱ्हाणेही आपल्या कानी येत नाही.

येथे कोणी म्हणेल की मग बदलीच्या माणसाने काहीच बदलू नये. आहे ते जसेच्या तसे पुढच्याच्या हवाली करावे. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण खरा नाही. सील झिजलेले एंजिन तसेच चालवणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचाही भार पुढच्यावरच पडतो. शिवाय परक्या माणसाला एक गोष्ट दिसते, जी स्थानिकाला सवयीने दिसेनाशी झालेली असते. त्याला हात बांधून बसवणे हे त्या गावावरही अन्यायाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच की जो फळ भोगण्यास थांबणार नाही त्याच्यावर कसोट्यांचा भार दुप्पट आहे. त्याने आधी परतीची वाट असलेले बदल करावेत. परतीची वाट नसलेला बदल करायचाच असेल, तर तो कारकिर्दीच्या आरंभी करावा, म्हणजे त्याचे पहिले धक्के तरी स्वतःला बसतील. जाता जाता केलेली सुधारणा ही बहुधा कीर्तीसाठी केलेली असते. आणि जी पायरी आपण गाळली ती का होती असे आपल्याला वाटले, का गाळली, आणि ती पुन्हा बसवायची झाल्यास कोठे बसवावी, हे चार ओळींत लिहून चार्जच्या कागदांबरोबर ठेवावे.

शेवटची ही अट क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या दृष्टीने साऱ्या विवेचनाचे सार तीतच आहे. काळजी घेणारा कारागीर आपला पत्र्याचा साचा फेकून देत नाही. तो त्यावर तारीख घालतो, कोणती कड किती सरकवली ते लिहितो, आणि गाडी विकताना साचा नव्या मालकाच्या हाती देतो. त्या साच्यामुळे कापलेले बीड परत येत नाही हे खरे; पण पुढचा माणूस अंधारात राहात नाही, आणि त्याला हवे तर मागच्याच्या निवाड्यावर स्वतःचा निवाडा देता येतो. आपण कर्त्याच्या रेघेविषयी जो अधिकार सांगितला, तोच पुढच्याला आपल्या रेघेविषयी आहे हे मान्य करणे, आणि तो वापरता यावा म्हणून लागणारे ज्ञान त्याच्या स्वाधीन करणे, ही सुधारणेच्या अधिकाराची किंमत आहे. ती द्यावयास जो तयार आहे त्याने ग्राइंडर हाती घ्यावा. ज्याची तयारी नाही त्याने नवी सीले बसवावीत, बोल्ट आवळावेत आणि एंजिन होते तसे चालू करून द्यावे. तेही काम काही कमी मानाचे नाही.